रायगडाची जोती आणि कॉव्हेंट्रीचा मनोरा

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रायगडाची चित्रं फिरत असतात. संगणकाने रंगवलेली. सोन्याचे कळस, गुळगुळीत संगमरवर, राजस्थानी धाटणीचे झरोके. खाली मागणी ठरलेली: राजवाडा होता तसा पुन्हा बांधा. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने रायगडासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि ग्रुपला आणखी चेव चढला.

मी राहतो इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला. टाटांनी 2008 मध्ये इथली जॅग्वार लँड रोव्हर ही मोटार कंपनी घेतली तेव्हापासून पुणेकरांना हे नाव ऐकून तरी माहीत आहे. इथे पाहुणा आला की त्याला सेंट मायकेल या जुन्या चर्चच्या मनोऱ्यापाशी न्यायचा, हा शिरस्ता. लोकर आणि कापडाच्या व्यापारावर गब्बर झालेल्या बोटोनर घराण्याच्या पैशातून चौदाव्या शतकात त्याचं काम सुरू झालं. वरचा निमुळता कळस पंधराव्या शतकातला. उंची 90 मीटर. मनोऱ्याला लागून मात्र चर्च नाही, नुसत्या भिंती आहेत. तांबूस वालुकाश्म, बोट फिरवलं तर कण हाताला लागतात. खिडक्यांच्या दगडी कमानी शाबूत, काचा नाहीत, छप्पर नाही. दुपारी ऑफिसातली माणसं तिथल्या बाकांवर सँडविच खात बसतात.

14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर भाजून काढलं, साडेपाचशेच्या वर माणसं गेली. चर्चच्या छपराला आग लागली. एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्तीत मजबुतीसाठी घातलेले लोखंडी गर्डर तापून वाकले आणि पडताना खांबांनाही घेऊन गेले. मनोरा तेवढा वाचला.

जुन्या चर्चचे फोटो होते, रेखाटनं होती. हुबेहूब उभं करता आलं असतं. तरी 1951 च्या स्पर्धेत निवड झाली वास्तुविशारद बेसिल स्पेन्सच्या आराखड्याची: जळका सांगाडा तसाच ठेवायचा आणि नवं कॅथेड्रल, म्हणजे मुख्य चर्च, शेजारी, काटकोनात, आजच्या पद्धतीने बांधायचं. स्पेन्सला लोकांनी शिव्यांची पत्रं पाठवली. 1962 मध्ये नवी वास्तू खुली झाली. तिची एक बाजू पूर्ण काचेची, त्यामुळे आत उभं राहिलं तरी समोर पडकं चर्च दिसत राहतं.

आता रायगड. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या आणि गडावर आग लागली. लाकडी इमारती गेल्या, दगडी जोती उरली. राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या नोंदींवरून दरबार, सिंहासन यांचा अंदाज येतो. छपराचा उतार, खांबांची घडण त्यातून कळत नाही. मग ‘होता तसा’ म्हणजे कसा? सिनेमाच्या सेटसारखा? आणि बांधलाच, तर तोफांची ती आग पुसली जाईल ती आपल्याच हातांनी. आज जोत्यावर उभं राहिलेलं पोर विचारतं, वाडा कुठे गेला? माझ्या लेखी हा प्रश्न कुठल्याही झरोक्यापेक्षा मोलाचा आहे. सिंहासनाच्या जागेवरची मेघडंबरी नवी आहे, पण ती जुनी असल्याचा आव आणत नाही, म्हणून खटकत नाही.

ड्रेस्डेनचं उदाहरण ग्रुपवर कुणीतरी फेकणारच, म्हणून मीच देतो. तिथलं बॉम्बहल्ल्यात कोसळलेलं फ्राउएनकिर्शे हे चर्च जर्मनांनी 2005 पर्यंत पुन्हा उभारलं. पण ते मोजमापं, छायाचित्रं आणि ढिगाऱ्यातले दगड हाताशी धरून. जुने काळे दगड नव्या पिवळसर दगडांत आजही वेगळे ओळखू येतात. रायगडाबाबत एवढे पुरावे कुणी काढून दाखवले, तर मी वाद घालायचा नाही.

इंग्रज फार शहाणे असंही नाही. बुचर रो नावाची मध्ययुगीन गल्ली याच शहराने 1936 मध्ये रस्ता काढायला पाडली, जर्मनांची वाटही न बघता.

माझा आतेभाऊ महाडला असतो. त्याचं म्हणणं वेगळं: “दादा, तुमच्याकडे पाऊस भुरभुरतो. आमच्याकडे चार महिने कोसळतो. नुसतं राखा म्हणालास तर जोतीपण राहायची नाहीत.” हे खरं आहे. राखणं फुकट होत नाही. कॉव्हेंट्रीच्या या भिंतीसुद्धा 2012 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत होत्या. म्हणून पैसा ओतायचाच असेल तर तो दगडांमधल्या चुन्याच्या दरजांवर, पाणी काढून देणाऱ्या चरांवर आणि भिंतीत मुळं घालणारे पिंपळ काढण्यावर ओतावा. राजवाड्याचं कल्पनाचित्र हवंच असेल तर पायथ्याला पाचाडात एक चांगलं दालन बांधा आणि तिथे ते दाखवा, खाली ‘असा असावा’ असं स्पष्ट लिहून. ग्रुपवर हे टाकलं तेव्हा दोन अंगठे आले. एक आतेभावाचा, एक आईचा, आणि तिने वाचलं असेल याची मला खात्री नाही.