नारळावर बोळवण

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणारे, वेळ नसेल त्यांनी पुढे सरका.

आमच्या दापोली तालुक्यातल्या एका शाळेच्या गॅदरिंगला गेले होते, शाळेचं नाव घेत नाही, मला गावात राहायचंय. सातवी-आठवीच्या पोरींनी 'हमको आजकल है इंतजार' केलं. कोळणीचा कासोटा, अबोलीचे गजरे, आणि नाचल्या पण काय हो! बसवलं होतं शेजारच्या गावातल्या एका मुलीने, एसटीने येऊन-जाऊन, शाळा सुटल्यावर, कधी शेवटची गाडी चुकली की कोणाच्या तरी बाईकवर मागे बसून. आभारप्रदर्शनात मंडपवाले, साउंडवाले, वडापाववाले, खुर्च्या देणारे, सगळे आले. तिचं नाव नाही. खालून कोणीतरी ओरडलं तेव्हा तिला स्टेजवर बोलावून हातात एक नारळ दिला. आणि प्रमुख पाहुणे माईक घेऊन काय म्हणावेत, "नाचगाणी ठीक आहेत मुलींनो, पण त्याने पोट भरत नाही." ती बाजूलाच उभी होती!

साहेब, पाच मिनिटांपूर्वी पहिल्या रांगेत मान कोण डोलवत होतं?

हे गाणं 'सैलाब'चं, 1990 चं. पिक्चर कोणाला धड आठवत नाही, गाणं सगळ्यांना पाठ. विचारा कोणालाही, "माधुरीचं गाणं" म्हणतील. एखादा जाणकार अनुपमा देशपांडेंचं नाव घेईल, त्या गायल्यात म्हणून. बसवलं सरोज खानने आणि त्याचं फिल्मफेअरही तिला मिळालंय, पण ते कोणाच्या लक्षात असायला. हर्णै बंदरात आपण रोज ज्या बायका बघतो, लिलावात आवाज चढवणाऱ्या, पाटी डोक्यावर घेऊन तरातरा चालणाऱ्या, त्यांची ऐट मला त्या गाण्यात दिसते, आणि ती आणली कोणी, तर फाळणीत घरदार सोडून आलेल्या घरातल्या निर्मला नागपालने. हो, सरोज खानचं खरं नाव ते.

मला हे सगळं एवढं लागतं कारण माझी आत्या. जुन्या मैत्रिणींना माहितीये. आत्या पिक्चरमध्ये हिरोईनच्या मागे नाचणारी ग्रुप डान्सर होती, लालबागच्या खोलीतून स्टुडिओत जायची, घरी सांगितलेलं शिवणकामाला जाते. गणपतीत गावाला आली की वाडीत भाड्याने व्हिडिओ यायचा, रात्री खळ्यात सगळे बसायचे, आणि एका वर्षी तिचाच पिक्चर लागला. गाणं सुरू झालं, आत्या आम्हा पोरांच्या कानात म्हणाली, "डावीकडून तिसरी, निळी ओढणी." आम्ही बघेपर्यंत कॅमेरा हिरोईनवर गेलेला. आम्ही बोंबललो, मागे घ्या मागे घ्या, व्हिडिओवाल्याने घेतलंही, आणि तेवढ्यात काका उठले आणि त्यांनी टीव्हीच बंद केला. "घरातल्या बायका नाचताना बघायच्या काय आता?"

हेच काका शिमग्यात पालखी नाचवायला सगळ्यात पुढे! नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यात, ह्यांच्याच वाडीतले बापे साडी नेसून गोमू होतात, रात्र रात्र नाचतात, जाखडीच्या नाचाला पायात चाळ बांधून घामाघूम होतात, तेव्हा कोण विचारत नाही पोट भरतं का. शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन शाहिरांच्या गटांचा, सामना असला की बॅनरवर शाहिरांचा फोटो हा एवढा मोठा, आणि असायलाच हवा. म्हणजे कलेला मान कसा द्यायचा ते आपल्याला येतं. फक्त शिकवणारी बाई असली आणि गाणं पिक्चरचं असलं की नारळ.

सरोज खानचं आयुष्य जरा बघा. जन्म 1948 चा, तीन वर्षांची असताना कॅमेऱ्यासमोर, मग लहान वयातच ग्रुपमध्ये मागे नाचायला. 13 व्या वर्षी लग्न, तेही आपल्याच नाचाच्या मास्टरशी, बी. सोहनलालशी, वयाने कितीच्या कितीने मोठे आणि आधीचा संसार असलेले. 13 व्या वर्षी! आज स्टेजवर नाचल्या त्या पोरींच्या वयाची. पुढच्या वर्षी पदरात पोर. मी नुसतं टाईप करतेय तर हात थरथरतोय. त्याच माणसाकडे शिकली, त्याचीच असिस्टंट झाली, आणि स्वतःचं पहिलं काम मिळालं 1974 ला 'गीता मेरा नाम'मध्ये, जो साधनाने स्वतः डिरेक्ट केलेला. बाईनेच दिलं, नोंद असू दे. त्यानंतरही नाव व्हायला बारा-तेरा वर्षं गेली, 'मिस्टर इंडिया' 87 चा, 'तेजाब' 88 चा. फिल्मफेअरची बाहुली 1954 पासून वाटतायत, हिरोला, पुढे गाणाऱ्याला, साउंडवाल्याला, पण नाच बसवणाऱ्याला काही नाही. 'तेजाब'मधल्या 'एक दो तीन'ने जेव्हा थिएटरं डोक्यावर घेतली तेव्हा कुठे कोरिओग्राफीचं वेगळं अवॉर्ड सुरू झालं, पहिलं तिला. पुढे नॅशनल अवॉर्ड तीन. पोट भरत नाही म्हणे!

आणि काम काय असतं हे कळतं का कोणाला? आत्या सांगायची. गाणं हातात आलं की मास्टरजी, म्हणजे नाच बसवणारे, ते तोडतात, मुखडा, म्युझिक पीस, अंतरा, आठ-आठच्या काउंटमध्ये, मग कुठल्या काउंटला कॅमेरा कुठे, हिरोईन कुठून वळणार, मागची ओळ कधी फुटणार. गाण्याच्या दिवशी डिरेक्टर बाजूला बसतो, सेट चालवतात मास्टरजी. हिरोला नाचता येत नसेल तर ते झाकायचं पण त्यांनीच, एक स्टेप चालण्याची, एक नुसती मान हलवायची, बाकी मागच्या पोरांकडून करून घ्यायचं. पडद्यावर तो झक्कास नाचलेला दिसतो. आत्याचे गुडघे कशाने गेले ते विचारा. सिमेंटच्या फ्लोअरवर दिवसभर तीच ओळ, हिरोईनची लिपस्टिक पुसली म्हणून रिटेक, डावीकडची तिसरी आपली परत पहिल्या काउंटला.

बरं, सरोज खान काही देवी नव्हती. 2018 ला कास्टिंग काउचबद्दल नको ते बोलली, मग माफी मागितली, मलाही तेव्हा राग आलेला. नव्वदीतल्या काही गाण्यांच्या स्टेप्स आईबापांसोबत बघवत नव्हत्या हेही खरं. आणि हो, शाळेकडे पैसे नसतात, तेही माहितीये. पण माईकवर नाव घ्यायला किती पैसे लागतात?

मराठीतही तेच. 'नटरंग' येऊन इतकी वर्षं झाली, 'अप्सरा आली'वर अजून प्रत्येक लग्नात कोणीतरी नाचतंच. ते फुलवा खामकरने बसवलंय हे नाचणाऱ्यांपैकी किती जणींना माहितीये? लेखक अनिल बर्वेंची मुलगी, टीव्हीवरची नाचाची स्पर्धा 'बुगी वुगी' जिंकलेली, आपल्यातलीच. तरी नाही.

मगाशी चिडून लिहायला बसले, आता जरा शांत झालेय, मध्ये आत्याला फोन केला ना. विरारला असते, जिना उतरवत नाही. तिला सगळं सांगितलं, वाटलं तीपण तावातावाने बोलेल. तर विचारते, "पोरींची ओळ सरळ होती का गो?" म्हटलं, होती. "मग शिकवणारी चांगली आहे." झालं, विषय संपला तिचा. काकांचाही तिला राग नाही, मला आहे. त्या रात्री टीव्ही बंद झाल्यावर आत्या उठली आणि दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याचे नारळ खवायला बसली, एक शब्द बोलली नाही, आणि मी आजपर्यंत ती निळी ओढणी पडद्यावर बघितलेली नाही.

म्हणून एक काम आहे. तो पिक्चर यूट्यूबवर आहे पण त्यात नेमकं ते गाणं कापलंय. चिपळूण, खेड, दापोली, मंडणगड भागात त्या काळात व्हिडिओ भाड्याने देणारे कोणाच्या ओळखीत असतील, माळ्यावर जुन्या कॅसेटी पडल्या असतील, बुरशी लागलेली असली तरी चालेल, पुण्यात एक जण साफ करून देतो म्हणालाय. पिक्चरचं नाव इनबॉक्समध्ये सांगते, आत्याला ते फेसबुकवर नकोय. आणि कमेंटमध्ये "पण शिक्षण महत्त्वाचं ताई" लिहायला येणाऱ्यांनी आज कृपा करा.