नवाचे बारा आणि लेखी संमती

आमच्या करी रोडच्या कट्ट्यावर विषय काढावा लागत नाही. संदेश आला की विषय मागोमाग येतो. हा आमचा शाळेतला दोस्त, आता कुठल्याशा कंपनीत एचआर. रविवारीही गळ्यातलं ओळखपत्र उतरवत नाही, बहुधा आंघोळीलाही घालत असावा.

"सरकारने कारखान्यात रोजच्या कामाचे नवाचे बारा तास केले, म्हणून एवढा आरडाओरडा कशाला?" त्याने टपरीवर दोन कटिंग सांगत सुरुवात केली. दोनच, माणसं आम्ही पाच. "आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे. ओव्हरटाइमला दुप्पट पैसे. शिवाय कामगाराची लेखी संमती लागणार. लेखी!"

"लेखी म्हणजे आधी वाचता यायला हवं," गजा म्हणाला. "ते शिकायचं कधी? बारा तास भरल्यावर?"

गजा मॉलवर सिक्युरिटीत आहे, आठ ते आठ. नवाचे बारा कारखान्यांसाठी, दुकानांसाठी दहा. गार्ड लोकांचे बारा केव्हाच वाजलेत, त्यांना कोणी विचारलंही नाही.

"हेच तर स्किल गॅप!" संदेशला कोणीतरी पास दिल्यासारखा आनंद झाला. "लोकांना अपस्किल व्हायचंच नाहीये. सरकार पैसे देतंय. कार्यप्रशिक्षण योजना बघ. बारावीला ६ हजार, आयटीआयला ८, पदवीला १० हजार..."

"सुरुवातच बारावीपासून," गजा म्हणाला. "माझी दहावी झालीय. मला किती?"

संदेशने चहा फुंकला.

"नववी नापास झालो, शाळा सोडली," गजा म्हणाला. "ऑफिसबॉय होतो तेव्हा साडेपाचला सुटायचो. साडेसहाला रात्रशाळा. वर्गात लिफ्टमन, हॉटेलातली पोरं, एक आजोबांच्या वयाचा हमाल. गणिताचे सर दिवसभर दुसऱ्या शाळेत शिकवून यायचे, तेही आमच्यासारखेच पेंगायचे. पण दहावी झाली. दहावी झाली म्हणून गार्डची नोकरी लागली. गार्ड झालो म्हणून बारा तास लागले. बारा तास लागले म्हणून बारावी राहिली. हे तुझं अपस्किल."

यावर कोणी बोललं नाही. मग बंड्याच म्हणाला, "ते दुबार नोकरीवाले सर नंतर काढले ना रे?" हो, २०१७ मध्ये. दिवसा एका शाळेत आणि रात्री दुसरीकडे शिकवणाऱ्यांना रात्रशाळांतून घरी बसवलं. ज्याने कोणी तो कागद काढला, तो रात्री साडेआठला कुठल्या वर्गात पेंगला नसावा, एवढं माझं मत.

"ट्रेनिंग नाही देत का एजन्सी?" संदेश.

"नियमात १६० तासांचं आहे. १०० तास वर्गात, ६० फील्डवर. ओळखपत्रावरची इंग्रजी अक्षरं नि आकडे वाचता यावेत, असंही त्यात लिहिलंय. मला काय दिलं? शिट्टी. आणि वर टोपीचे पैसे कापले."

"तू तक्रार करायला हवी होतीस."

"लेखी?"

अण्णा इतका वेळ पेपरातलं कोडं सोडवत होते. गिरणीच्या साचेखात्यात उभं आयुष्य गेलं, १९८२ च्या संपात होते, त्यामुळे कुठलाही विषय ते १८ जानेवारीपर्यंत नेतातच. "मी काय अडाणी होतो?" ते म्हणाले. "चौथीपर्यंत शिकलोय, मराठी पेपर घडाघडा वाचायचो. व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला तो इंग्रजीत. सही करा म्हणाले, केली. काय सुंदर सही होती माझी."

"आता मात्र साक्षरतेची परीक्षा असते, अण्णा," संदेशने पुन्हा मैदान घेतलं. "उल्लास योजना. वाचनाला ५० गुण, लेखनाला ५०, संख्याज्ञानाला ५०. प्रौढांसाठी. सर्टिफिकेट मिळतं."

"बरोबर," गजा म्हणाला. "शिकवणारा स्वयंसेवक, म्हणजे फुकट. आणि शिकायचं कधी, ते ज्याचं त्याने बघायचं. जोतिबांनी १८५५ साली रात्रीची शाळा काढली ती का? दिवसा माणूस शेतात नि कामावर असतो म्हणून. त्यांना कळलं होतं. तुमच्या पीपीटीत अजून आलेलं नाही."

संदेश पीपीटीचं नाव निघताच दुखावतो. "ठीक आहे, पण शिकलेले तरी काय करतात? हा बंड्या बी.कॉम. आहे आणि डिलिव्हरी करतो. बंड्या, अॅपच्या अटी वाचल्यास का?"

"आय अॅग्रीवर टिचकी मारली."

"बघा!"

"तुझा नोटीस पिरियड किती?" बंड्याने विचारलं.

संदेशने फोन काढला, आत काहीतरी शोधलं, खिशात ठेवला. "तीन महिने असावा."

"असावा!" गजा उठूनच उभा राहिला. "एचआर! दुसऱ्यांची अपॉइंटमेंट लेटरं हा काढतो!"

इथून पुढे शिक्षण, साक्षरता, शासन सगळं गटारात गेलं आणि नववीचा वर्ग वर आला. त्या वर्षी संदेश मॉनिटर होता. बडबड करणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, हे त्याचं काम. त्यात गजाचं नाव रोज पहिलं. गजाच्या मते शाळा सुटली ती याच्यामुळे.

"तू बडबडच करायचास!" संदेश ओरडला.

"करायचो. पण मार खाल्ला तो कुठल्या तरी 'गजनन'च्या नावावर. एक दिवस तुला काना देता आला नाही, मेल्या. सर म्हणाले, गजनन कोण, उभा राहा. मी कशाला राहतो? तर तू बोट दाखवलंस."

अण्णांनी कोडं खाली ठेवलं. "म्हणजे स्किल गॅप तेव्हापासूनच होता."

टपरीवालासुद्धा हसायला लागला. संदेश ओळखपत्र शर्टात कोंबत, तो काना खडूचा तुकडा संपल्यामुळे राहिला होता, हे सगळ्यांना पटवत होता. बंड्याची ऑर्डर वाजली, तो हसत हसतच चुकीच्या दिशेने निघाला. बाकीच्या तीन कटिंग अण्णांच्या वहीवर.