दमा घराण्याचा की चुलीचा?

सध्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: फुप्फुसाची ताकद जन्मतःच ठरते, घराण्यात दमा असेल तर तो होणारच, नसेल तर बिडीनं काही बिघडत नाही, मशीनमध्ये फुंकायची तपासणी म्हणजे पैसे पाण्यात. हा मेसेज वाचून लोक औषधपाणी टाळतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

आनुवंशिकतेचा वाटा आहे, तो नाकारायचं कारण नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून पाहता माणसामाणसांच्या फुप्फुसक्षमतेतला ढोबळ निम्मा फरक जनुकांमुळे पडतो. पण २०२३ मध्ये सुमारे ५ लाख ८० हजार लोकांच्या माहितीतून त्यासाठी जनुकांमधल्या हजारावर जागा सापडल्या, आणि बहुतेकींचा परिणाम अगदी किरकोळ आहे. एकाच जनुकानं फुप्फुस बिघडतं असा अल्फा-१ अँटीट्रिप्सिन या फुप्फुसाला जपणाऱ्या प्रथिनाच्या कमतरतेचा आजार १९६३ मध्ये स्वीडनमध्ये ओळखला गेला. तो आपल्याकडे क्वचितच दिसतो, आणि त्यातही तंबाखूचा धूर हानी वाढवतो.

“आमच्या घरात पयलेपासूनच हाय,” असं बायाच जास्त सांगतात. पण त्याच घरात सासूलाही धाप लागते आणि सुनेलाही. नात्यातलं लग्न नसेल तर दोघींचं रक्त वेगळं. चूल मात्र एकच. पावसाळ्यात ओलसर पऱ्हाट्या पेटत नाहीत, मग फुंकणी तोंडाला लावून, डोळे मिटून, पार राखेपर्यंत वाकायचं. दार लोटलेलं, वर कवेलू काळेकुट्ट. उज्ज्वलाचं सिलिंडर कोपऱ्यात असतं, पण ते भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाट्या, तुराट्या वावरातून फुकट येतात. त्याच खोलीत लेकराचा पाळणा. जन्माचं कमी वजन, बाळपणीचा न्यूमोनिया आणि हा धूर यांमुळे फुप्फुसाची वाढच खुंटू शकते. मग ती पोरगी तिशीत धापा टाकू लागली की लोक म्हणतात, आईवर गेली.

बिडी ओढून ऐंशी गाठलेले आजोबा मेसेजमध्ये येतात. पन्नाशीत खाटेला खिळलेले येत नाहीत. काहींची क्षमता जन्मतःच जास्त असते, त्यामुळे झीज उशिरा जाणवते, झीज होतेच. १५व्या गुणसूत्रावरची काही जनुकं तर निकोटिनची ओढ वाढवतात. त्या वाटेनं होणारं नुकसान बिडीतूनच होतं. बिडी नसेल तर ती वाट बंद.

राहिली तपासणी. स्पायरोमेट्रीत, म्हणजे त्या मशीनमध्ये फुंकायच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते मोजतात. पंचविशीनंतर ही क्षमता सगळ्यांचीच हळूहळू घटते, धुरानं ती भराभर घटू शकते. फ्लेचर आणि पेटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ मध्येच दाखवलं, की धूम्रपान सोडल्यावर गेलेली क्षमता फारशी परत येत नाही, पण पुढची घट जवळपास नेहमीच्या वेगावर येते. म्हणजे घरात दमा असेल तर तपासणी लवकर करायची. आणि डॉक्टरांना घराण्याच्या दम्यासोबत चुलीपुढं काढलेली वर्षंही सांगायची, त्यांनी विचारलं नाही तरी.