बेकगांगची लढाई किरकोळ होती? (एका कमेंटला उत्तर)

बेकगांगच्या (कोरियातल्या समुद्री लढाईच्या) पोस्टवरची तुमची कमेंट वाचली, उत्तर जरा लांबलंय. तुमचं म्हणणं असं की 663 साली थांगच्या, म्हणजे तेव्हाच्या चिनी राजवटीच्या, 170 जहाजांनी जपान्यांची 400 जहाजं जाळली हा निव्वळ चिनी प्रोपगंडा आहे, आणि मुळात लढाई किरकोळच होती. दोन्ही मला पटत नाही.

400 चा आकडा थांगच्या इतिहासातला आहे हे खरं, धुराने आभाळ भरलं नि समुद्र लाल झाला हेही तिथलंच, त्यात फुगवाफुगवी असेलही. पण तो आकडा बाजूला ठेवा ना, हरलेल्यांनी काय लिहून ठेवलंय ते बघा. 'निहोन शोकी' म्हणजे जपानी दरबारानेच 720 मध्ये पूर्ण करून घेतलेला इतिहास, आणि 170 जहाजं तर त्यातलीच आहेत! पहिल्या दिवशी मार खाऊन मागे आले तरी दुसऱ्या दिवशी जपानी सरदार आणि त्यांच्या बाजूचा, बेकजे या कोरियन राज्याचा राजा फुंग म्हणतात, आपण आधी चढाई केली की ते आपोआप मागे हटतील, आणि विस्कटलेली फौज घेऊन थेट थांगच्या पक्क्या फळीवर गेले. थांगने डावी-उजवीकडून घेरलं, जहाजांना तोंड फिरवता येईना, माणसं पाण्यात पडून बुडाली. एची नो ताकुत्सु नावाचा सरदार दातओठ खात कित्येकांना मारून मेला. आपल्याच सरदारांचा उतावळेपणा कुठला दरबार इतका सरळ लिहितो हो? याहून भक्कम साक्ष मला तरी दिसत नाही.

आणि किरकोळ? बेकजे 660 मध्येच पडलं होतं, ही ते परत उभं करायची शेवटची धडपड. लढाईनंतर थोड्याच दिवसांत बेकजेवाल्यांचा जुर्यूचा किल्लाही गेला, तेव्हा तिथले लोक म्हणाले, बेकजेचं नाव आज संपलं, पूर्वजांच्या थडग्यांकडे आता परत कसं जाणार. हेही त्याच ग्रंथात आहे आणि वाचताना दरवेळी गलबलतं. फुंग गोगुर्यो या दुसऱ्या कोरियन राज्यात पळाला, बरेच जण जपानी जहाजांतून निघून गेले. इकडे जपानला थांग आता आपल्यावर येणार ही धास्ती, म्हणून 664 मध्ये त्सुशिमा, इकी, क्यूशू या बेटांवर पहारे नि इशाऱ्याच्या आगी, दाझाइफू या क्यूशूतल्या सरकारी ठाण्यापुढे मिझुकीचा सव्वा किलोमीटरचा मातीचा बांध (अजून आहे), 665 मध्ये बेकजेच्याच सरदारांकडून ओनोचा किल्ला, आणि 667 मध्ये लोकांना नको असताना राजधानी आत ओत्सुला नेली.