'आपोआप कळतं' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

वयात येणाऱ्या मुलांशी शरीर आणि नात्यांबद्दल कसं बोलावं, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "मुलांच्या डोक्यात नको ते भरवू नका. वेळ आली की सगळं आपोआप कळतं. आई म्हणून लाज वाटायला हवी. राग मानू नये."

मतभेद मला चालतात. याहून कडक विरोध मी इथे ठेवलेला आहे. पण माझ्या आईपणाची लाज काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी लेखात कुणाच्याही पालकत्वावर बोट ठेवलेलं नाही. असं लिहून खाली 'राग मानू नये' जोडलं की ते सभ्य होत नाही. मी राग मानलाय.

वडिलांनी काय बोलावं यावर लेखात फारच थोडं आहे, हे तुमचं म्हणणं मान्य.

आता 'आपोआप'. मला आपोआप काय कळलं ते सांगते. पहिली पाळी आली तेव्हा आपल्याला काहीतरी भयंकर आजार झालाय असं वाटून मी दिवसभर गप्प राहिले. रात्री आईच्या लक्षात आलं. "आता जपून राहायचं," एवढंच ती म्हणाली. कशापासून, ते नाही. पुढे ओळखीतला एक मोठा माणूस नको तिथे हात लावायचा, तेव्हा ते सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. चूक आपलीच, असं मी कित्येक वर्षं धरून चालले. त्यामुळे 'आपोआप कळतं' हे मला तरी सांगू नका.

आणि वेळ म्हणजे कधी? वयात येण्याचे बदल मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात सुरू होतात. तुम्ही वाट बघत बसाल आणि ती वेळ घरात येऊन गेलेली असेल. आपण बोललो नाही तरी मोबाईल बोलतोच. पॉर्नमध्ये समोरच्याला विचारणं क्वचितच दिसतं. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे मुलाला मग कोण सांगणार? पासवर्ड मागणारा, मैत्रिणी तोडायला लावणारा मुलगा काळजी करत नाही, ताबा घेतोय, हे मुलीला कोण सांगणार?

बोलल्यानं मुलं बिघडतात, हेही खरं नाही. युनेस्कोनं २०१८ मध्ये सुधारून काढलेल्या मार्गदर्शिकेत अनेक देशांतल्या अभ्यासांचा आढावा आहे. लैंगिकता शिक्षणामुळे शरीरसंबंध लवकर सुरू होत नाहीत; काही ठिकाणी तर ते पुढे गेलेले दिसले.

माझ्या मुलानं चौदाव्या वर्षी, गाडीत, माझ्याकडे न बघता विचारलं, "एखादी आधी हो म्हणाली आणि मग नको म्हणाली तर?" मी म्हटलं, "तर तिथेच थांबायचं." त्यानं मान हलवली आणि मॅचबद्दल बोलायला लागला. घरात हे विषय लहानपणापासून निघत आले, म्हणून त्याला विचारता आलं.

संस्कृती, पाश्चात्त्य खूळ वगैरे तुमच्या बाकीच्या मुद्द्यांत मी शिरणार नाही.

तुमची मुलगी अकरा वर्षांची आहे, असं तुम्हीच लिहिलंय. पाळीबद्दल तिला काय माहीत आहे आणि ते कुणाकडून कळलं, एवढं तिला विचारा. मग जरूर लिहा. पण पुन्हा माझी लाज काढलीत, तर प्रतिक्रिया काढून टाकेन.