एमएच ३१ म्हणजे एकतिसावा नंबर नव्हे

वाहनांच्या नंबरप्लेटचा ‘अज्ञात इतिहास’ सांगणारा एक मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असतो. त्याचा सारांश असा: १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले तेव्हाच गाड्यांना ‘एमएच’ मिळाले, पुढचे क्रमांक जिल्ह्यांना त्यांच्या महत्त्वानुसार वाटले गेले, म्हणून मुंबई एक आणि उपराजधानी असूनही नागपूर एकतीस, पाटीवरून मालकाचा जिल्हा ओळखता येतो, ‘आयएनडी’ लिहिलेली पाटी कोणत्याही राज्यात कायमची चालते, आणि राजभाषा कायद्यामुळे मराठीतली पाटी पूर्णपणे कायदेशीर आहे. ही पाचही विधाने चुकीची आहेत. काही निव्वळ अज्ञानातून आली आहेत, तर एकामागे जुनी दुखरी नस आहे आणि तिची दखल घ्यायला हवी.

पहिले विधान १९६० चे. आमच्या घरच्या स्कूटरच्या आर.सी. बुकात तीन अक्षरे आणि त्यापुढे चार अंक एवढाच नंबर होता, आणि तोच बसस्टँडजवळच्या पेंटरने काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने काढून दिला होता. स्कूटर १९६० नंतरची होती, हे सांगायला नकोच. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याखालची ही पद्धत राज्य स्थापन झाल्यानंतरही जवळजवळ तीन दशके चालू राहिली. मुंबईतल्या जुन्या गाड्यांवरचे ‘बीएम’ किंवा ‘एमआर’ने सुरू होणारे नंबर त्याच काळातले. ‘एमएच’ने सुरू होणाऱ्या मालिकाही तेव्हा होत्या, आणि गोंधळाचे मूळ बहुधा तेच असावे, पण त्यांच्या शेपटाला तिसरे अक्षर असे, जिल्ह्याचा आकडा नसे, आणि ती मालिका कोणत्या कार्यालयाला दिली आहे हे ठाऊक असल्याखेरीज गाडी कुठली ते कळत नसे. १९८८ चा नवा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याच सुमारास केंद्र सरकारने अधिसूचना काढून राज्यांची दोन अक्षरी चिन्हे ठरवली. आज आपण वाचतो ते ‘एमएच’ या अधिसूचनेतले आहे. ही अक्षरे राज्याने स्वतःसाठी निवडलेली नाहीत आणि ती बदलायची झाली तरी अधिसूचना केंद्रालाच काढावी लागते. तेलंगणाचे ‘टीएस’ २०२४ मध्ये ‘टीजी’ झाले ते याच मार्गाने.

दुसरे विधान मानापमानाचे आहे आणि त्यावर सर्वांत जास्त भांडणे होतात. क्रमांक महत्त्वाने दिले असते, तर पेण (०६) आणि सिंधुदुर्ग (०७) यांना पुणे (१२) आणि नाशिक (१५) यांच्या आधी कोणी बसवले असते? यादी सलग वाचली की तिची रचना आपोआप उलगडते. ०१ ते ०८ मुंबईसह कोकण, ०९ ते १४ पुणे विभाग, १५ ते १९ नाशिक विभाग, २० ते २६ मराठवाडा, २७ ते ३० अमरावती विभाग आणि ३१ पासून नागपूर विभाग. म्हणजे महसुली विभाग एकामागून एक घेतले आहेत. शिवाय नाशिक १५, तेव्हाचे औरंगाबाद २०, अमरावती २७ आणि नागपूर ३१ हे आपापल्या गटातले पहिले क्रमांक आहेत, कारण गटाची सुरुवात विभागाच्या मुख्यालयापासून केलेली दिसते. या हिशेबाने नागपूर एकतिसावे नाही, आपल्या विभागात पहिले आहे. अपवाद आहे तो पुण्याचा. तिथे मोजणी दक्षिणेकडून येते: कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणे १२. कोल्हापूरहून महामार्गाने पुण्याला निघालेला माणूस हेच आकडे याच क्रमाने ओलांडतो. कोल्हापूरकर ‘शून्य नऊ’ अभिमानाने मिरवतात, खुशाल मिरवोत. पण तो आकडा कुठल्या स्पर्धेत मिळालेला नाही. विदर्भाच्या अनुशेषाची तक्रार खरी आहे आणि तिला पुरावेही भरपूर आहेत. नंबरप्लेट मात्र त्या पुराव्यांत बसत नाही, आणि बसवली तर उरलेली बाजू उगाच लंगडी होते.

याच विधानाची एक उपशाखा सांगते की क्रमांक जिल्हे ज्या क्रमाने स्थापन झाले त्या क्रमाने पडले. तेही टिकत नाही. रत्नागिरीतून १९८१ मध्ये वेगळा झालेला सिंधुदुर्ग ०७ आहे आणि रत्नागिरी ०८. उस्मानाबादमधून १९८२ मध्ये निघालेला लातूर २४, मूळ जिल्हा २५. चंद्रपूरमधून त्याच वर्षी निघालेला गडचिरोली ३३, चंद्रपूर ३४. तिन्ही ठिकाणी लेकरू पुढे आणि आई मागे! १९८९ नंतर झालेल्या काही जिल्ह्यांना यादीतले पुढचे क्रमांक मिळाले हे खरे, पण तिथेही १९९९ चा हिंगोली (३८) हा १९९८ च्या नंदुरबारच्या (३९) आधी आहे.

पाटीवरून मालकाचा जिल्हा कळतो हे तिसरे विधान. क्रमांक जिल्ह्याचा नसतो, परिवहन कार्यालयाचा असतो. पुणे जिल्ह्यात १२ आहे, पिंपरी-चिंचवडचा १४ आहे आणि बारामतीचा ४२ आहे; नागपूर जिल्ह्यात ३१, ४० आणि ४९ आहेत; सातारा ११, तर त्याच जिल्ह्यातले कराड ५०. १२ आणि १४ वाले एकमेकांच्या गाडी चालवण्याला नावे ठेवतात, तेव्हा ते एकाच जिल्ह्यातले भांडण असते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर राज्यातल्या कोणत्याही नोंदणी कार्यालयात गाडी नोंदवता येते, शिवाय जुनी गाडी राज्यातल्या राज्यात विकली गेली तरी नंबर तोच राहतो. पाटी सांगते ते गाडीची या राज्यातली पहिली नोंद कुठे झाली एवढेच. जाता जाता: औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तरी २० आणि २५ जागेवरच राहिले, कारण आकड्यात गावाचे नाव कधी नव्हतेच.

‘आयएनडी’बद्दल थोडक्यात. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा पाटीवर ही अक्षरे, अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. हेतू चोरी आणि बनावट पाट्या रोखण्याचा आहे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथे नवी नोंदणी करावी लागते, हा कायद्याच्या ४७ व्या कलमाचा नियम या तीन अक्षरांनी रद्द होत नाही. त्यातून सुटका देणारी ‘बीएच’ मालिका २०२१ मध्ये आली. ती सरकारी व संरक्षण कर्मचाऱ्यांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांच्या कर्मचाऱ्यांना मिळू शकते.

शेवटचा मुद्दा मराठी पाटीचा, आणि इथे माझे मन मजकूर लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे. राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि तो राज्याच्या शासकीय कामकाजाच्या भाषेविषयी बोलतो. पाटीचे स्वरूप ठरते ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ५० व्या नियमाने, आणि तो स्पष्ट म्हणतो की अक्षरे इंग्रजी असावीत आणि आकडे अरबी. या ‘अरबी’ शब्दावरून काही जण उखडतात. त्याचा अर्थ फक्त 1, 2, 3 एवढाच आहे. राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदात याच आकड्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे. दोन्ही व्यवस्था शेजारीशेजारी पाहायच्या असतील तर मुंबईत बेस्टच्या बससमोर उभे राहावे: वर मार्गाचा क्रमांक ठळक देवनागरीत, कारण तो ठरवणे बेस्टच्या हाती आहे, आणि खाली बंपरजवळ नोंदणीची पाटी रोमन अक्षरांत, कारण ती ठरवणे बेस्टच्या हाती नाही.