आई चौथ्या प्रकरणात गेली, नवव्यात गोळाभात वाढतेय

आठ महिने झाले, घरातल्या दिवाणावर एका कादंबरीचं हस्तलिखित पसरलंय. पाहुणे आले की खुर्च्या शेजारून आणतो. लेखक आता नाहीत. त्यांच्या सूनबाई नागपुरातल्या महाल भागातून लोखंडी ट्रंक घेऊन आल्या नि म्हणाल्या, "काका, फक्त नीट लावून द्या."

फक्त!

पानांवर आकडे नाहीत, निम्मी पानं पाठकोरी. मे महिन्यात एका दुपारी सवयीनं कूलर लावला आणि चार दिवसांची मेहनत दिवाणाखाली गेली. त्यात चौथ्या प्रकरणात नायकाची आई मरते, तेरावाही होतो. नवव्यात तीच माउली गोळाभातावर फोडणीचं तेल सोडत विचारते, "अजून घेतो का रे?"

विसरभोळेपणा नव्हे हा. दोन वेगळे खर्डे एकमेकांत मिसळलेत. त्यातला आधीचा कोणता?

एका पानावर सीताबर्डीवरचा चहा दोन आण्यांना, दुसऱ्यावर बारा नव्या पैशांना. नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले, म्हणून मी खूश झालो. मग लक्षात आलं, आण्यांवरून कळतो तो गोष्टीचा काळ, लिहिण्याचा नाही. १९७० साली बसूनही माणूस आण्यांचा चहा लिहू शकतो. मग अनुस्वार धरले. 'घरांत', 'केलें' असं लिहिणारा हात जुना. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी ते अनुस्वार गेले. पण नियम बदलले म्हणून पन्नाशीतल्या माणसाचा हात थोडाच बदलतो! शेवटी भिस्त शाईवर आणि कागदाच्या पिवळेपणावर.

एवढं होईतो प्रकाशकांकडच्या मुद्रितशोधकानं आमचा विदर्भातला 'सांबार' हा शब्द खोडून सगळीकडे 'कोथिंबीर' केली. वैदर्भीय मंडळी, यावर मी काय बोललो ते इथं लिहीत नाही.

खरा राग आला तो प्रकाशकांचा. "शेवटची वीस पानं तुम्हीच लिहून टाका, कोणाला कळतंय?" अहो, मला कळतंय ना! जर्मन भाषेत लिहिणारा काफ्का १९२४ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी मित्र माक्स ब्रोडनं त्याची 'द ट्रायल' ही कादंबरी छापली. प्रकरणं सुटी होती, क्रम ब्रोडनं लावला, आणि अभ्यासक त्यावर अजून भांडताहेत. याच नागपुरात राहिलेल्या हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोधांचा पहिला कवितासंग्रह १९६४ मध्ये आला, ते गेल्यानंतर. मागे राहिलेल्याला कात्री धरावीच लागते, कबूल. पण लेखणीसुद्धा त्यानंच धरायची? मला हे पटत नाही.

मी दोन्ही आया ठेवल्यात. नवव्या प्रकरणाखाली बारीक टाइपात एक ओळ: 'हा निराळा खर्डा.' वाचकाला अडखळायला होईल, होऊ दे. सूनबाईंना सांगितलं तर त्या हसल्या. "बाबा बोलतानाही असेच, गोष्ट अर्धी टाकून चहा मागायचे."

शेवटचं पान 'मग तो दारात' इथं थांबतं. टाइप करणाऱ्या पोरानं पुढे तीन टिंबं दिली होती. काल ती काढली.